गिरणीत शिकलेली भाषा

आमची पिठाची गिरणी होती तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी मी देवळाली कॅम्पच्या बाजारात त्या दुकानासमोर उभी होते. आतला माणूस दोनदा म्हणाला, “या मावशी, कोणतं मॉडेल?” मला कुठलंच मॉडेल नको होतं. मला पायरीवर बसायचं होतं, आणि तिथे आता पायरी नव्हती, उतरती फरशी होती. गिरणी गेली हे काही मला नवीन नव्हतं. दादाने ती विकली तेव्हा मी स्वतः येऊन पेढा खाल्ला होता. तरीही मी नाक पुढे करून उभी राहिले, कुठल्या तरी फटीत गरम पिठाचा वास उरला असेल म्हणून. वास आला तो नव्या प्लॅस्टिकचा.

मी तिथे गेले होते एका भाषेचं नाव विचारायला. ऐकणाऱ्याला हसू येईल, मलाही येतं. पण माझ्या तोंडात एक भाषा सापडली होती आणि ती कुठली, हेच मला कळत नव्हतं.

सगळं सुरू झालं ते जर्मनपासून. माझा मुलगा निखिल जर्मनीत असतो, त्याची बायको युलिया तिथलीच. त्यांची मीरा सहा वर्षांची आहे. तिला मराठीतले चार-दोन शब्द येतात, त्यातला एक ‘आजी’. बाकी सगळा कारभार जर्मनमध्ये. मी निखिलला किती वेळा म्हटलं, अरे, निदान घरात तरी तिच्याशी मराठी बोल. तो म्हणतो, “आई, संध्याकाळी घरी येतो तेव्हा माझ्याकडे कुठल्याच भाषेतलं बोलणं उरलेलं नसतं.”

जानेवारीत ते तिघं येणार होते, आणि मधला आठवडाभर नवरा-बायको राजस्थान बघायला जाणार होते. मी म्हटलं, मीराला माझ्याकडे ठेवा. फोनच्या पलीकडे कुजबुज झाली. मग निखिल म्हणाला, “आई, युलिया म्हणतेय, तिचं पोट दुखलं, तिला भीती वाटली, तर ती तुला सांगणार कशी? तुला थोडंफार जर्मन जमलं तर ठेवू. नाहीतर नेऊ बरोबर, त्यात काय.”

त्यात खूप काही होतं. मीराच्या आजोबांना जाऊन चार वर्षं झाली, आणि गंगापूर रोडच्या या फ्लॅटमध्ये कुकरच्या शिट्टीशिवाय मला हाक मारणारं कोणी नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पण मला तो आठवडा हवा होता. नातीची झोपेतून उठलेली विस्कटलेली वेणी मला फोनवर नाही, हाताने सोडवायची होती. आणि ते आता माझ्या जिभेवर ठरणार होतं. मी दुसऱ्याच दिवशी क्लास लावला.

क्लास कॉलेज रोडला, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. बाकी सगळ्या नर्सिंग झालेल्या मुली, तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी मिळेल म्हणून शिकणाऱ्या. त्यांच्यात मी, पायात मोजे आणि पर्समध्ये खडीसाखर. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी पाण्याची बाटली उंच धरली आणि माझ्याकडे पाहिलं. ‘वासर’ म्हणायचं होतं. मी म्हणाले, “तण्णी.”

म्हणाले कसली, ओरडलेच. सगळा वर्ग मागे वळला.

मॅडम हसून म्हणाल्या, “काकू, हे काय होतं?”

“पाणी,” मी म्हणाले. मग म्हणाले, “नाही, माहीत नाही.”

त्यानंतर ते थांबेना. जर्मन शब्द शोधायला आत हात घातला की हाताला दुसरंच काहीतरी लागायचं. मीठ विचारलं की ‘उप्पु’. पुरे म्हणायचं तिथे ‘पोदुम’. आणि दरवेळी मोठ्याने. घरात मी असं कधी बोलत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, तुमच्या घरात माणूस आहे की नाही तेच कळत नाही. मग हा आवाज कोणाचा, हे मला कळेना. मराठी शब्द आडवा आला असता तर मी समजू शकले असते. हिंदी, इंग्रजी, काहीही. पण हे शब्द माझ्या आयुष्यात कुठेच नव्हते, निदान मला वाटत होतं तसं.

माझ्या बाकावर मनीषा नावाची मुलगी बसते, पेठ तालुक्यातली. ती म्हणाली, “काकू, घाबरू नका. मलाबी होतं तसं. जर्मन सुचलं नाय की डोंगराकडलं घरचंच येतं तोंडात. मराठी येतच नाय मधी, सरळ घरचं.” तिने माझे शब्द मोबाइलमध्ये घालून पाहिले. ‘तण्णी’ला मोबाइल म्हणाला तमिळ. ‘उप्पु’ला म्हणाला कन्नड. एकाला म्हणाला मल्याळम. आणि ‘घुरघुरम’ला काहीच म्हणाला नाही, नुसता फिरत राहिला. “हा शब्द कशाचा?” मनीषाने विचारलं. मला लगेच माहीत होतं. घुरघुरम म्हणजे गिरणी. त्या क्षणी मला अक्का आठवली.

म्हणून मी कॅम्पला गेले. दादा अजून तिथेच, बाजारामागच्या आमच्या जुन्या घरात राहतो. अंगणात उन्हाला पाठ देऊन तो शेंगा फोडत बसला होता. मी चप्पल काढतानाच विचारलं, “दादा, आपल्या मागच्या खोलीत राहायची ती अक्का कुठली होती रे?”

“आली नाय तं अक्का. पाणी तरी पी.”

“सांग ना.”

“हवालदाराची बायको ना? मद्रासी होती.”

“मद्रासी म्हणजे कुठली? तमिळ, तेलगू, काय?”

“मद्रासी म्हणजे मद्रासी. तवा कोण इचारत होतं. खालून आला का मद्रासी, वरून आला का पंजाबी. आपल्याला दळणाशी काम.” त्याने एक शेंग फोडून माझ्या हातावर दाणे ठेवले. “आन् बेबी, मला काय इचारते? तूच तर लय फडाफडा बोलायची तिच्याशी. आईला वाटायचं, पोरगी हातची जाते का काय.”

“मी बोलायचे? मला चार शब्द येत होते.”

“चार?” दादा हसला. “दिवसभर तोंड चालू राहायचं तुमचं. तिला काय बारीक पाहिजे, काय जाड पाहिजे, बाबा तुलाच इचारायचे. तिचा नवरा पण तुला इचारायचा, आज बाईसाहेबांचा मूड कसाय.”

मी दाणे हातात घेऊन बसून राहिले. माणसाला आपलं घर, आपली शाळा, आपले कपडे आठवतात. आपण एका भाषेत दिवसभर बोलत होतो, हे कसं विसरलं जातं? मला अक्का आठवत होती, तिचं बोलणं आठवत होतं. पण त्या आठवणीत मी स्वतः मराठीतच उत्तर देत होते. दादा म्हणतो तसं असेल, तर माझ्या लहानपणाचा मी मागाहून अनुवाद करून ठेवला आहे, आणि मूळ प्रत कुठे गेली कोण जाणे.

गिरणीचा एक नियम असतो, तो घरघंटी आल्यापासून लोक विसरले. दगडात आधीच्या दळणाचं पीठ राहतं आणि ते पुढच्या डब्यात उतरतं. म्हणून डबा ठेवताना बायका आधी विचारायच्या, “कशावर टाकताय?” गव्हावर गहू, बाजरीवर बाजरी. हरभऱ्याच्या डाळीवर कोणी आपला गहू टाकू द्यायचं नाही, त्यावरून भांडणं व्हायची. तांदूळ आणणारे थोडे, आणि तांदळाला दुसरं काही लागलेलं चालत नाही. म्हणून बाबा तांदूळ अगदी शेवटी घ्यायचे. सगळं आटोपलं की घरचे दोन मुठी तांदूळ दगडातून काढून टाकायचे आणि मग खरं दळण लावायचे.

अक्काला आठवड्यातून दोन-तीनदा तांदळाचं पीठ लागायचं. ती दुपारीच डबा घेऊन यायची आणि तिचा नंबर लागायचा उन्हं कलल्यावर. खोली पाच पावलांवर होती, घरी जाऊन बसली असती तरी चाललं असतं. पण खोलीत बोलायला कोण होतं. नवरा दिवसभर पलटणीत, मूलबाळ नाही, बाजारात कोणाशी बोलावं तर हिंदीसुद्धा येत नाही. ती आमच्या पायरीवर बसायची. मी शाळेतून येऊन तिथेच बसलेली असायचे. माझी दुसरी भाषा मी त्या वाट पाहण्यात शिकले.

आत पट्टा फटफटत असायचा, दगडांची घरघर चालू असायची. त्या आवाजात काही सांगायचं तर ओरडावंच लागे. ती बोट दाखवून ओरडायची, मी परत ओरडायचे. पाणी, मीठ, पीठ, कुत्रं, डोळा, हळू. म्हणजे मला ते शब्द शांतपणे उच्चारलेले माहीतच नाहीत. क्लासमध्ये मी का ओरडत होते, ते दादाच्या अंगणात मला समजलं आणि फार बरं वाटलं. निदान एक गोष्ट तरी जागेवर बसली.

तिला खोबरेल तेलाचा वास यायचा, आणि त्याखाली ताकाचा. थंडीत तिच्या तेलाची बाटली थिजायची. तिला त्याचं भारी आश्चर्य. ती बाटली आणून पायरीवर उन्हात ठेवायची आणि आम्ही दोघी ते पांढरं पातळ होताना बघत बसायचो. उन्हाळ्यात आमच्या कुरडयांशेजारी तिच्या तांदळाच्या वड्या वाळायच्या. पावसाळ्यात पट्टा ओला होऊन घसरायचा, दळण रखडायचं, आणि त्या दिवशी आमचा अभ्यास जास्त व्हायचा. पहाटे ती दारात रांगोळी काढायची, पण रांगोळीने नाही, तांदळाच्या पिठाने. आई चिडायची. “अगं, मुंग्या होतात घरभर. सांग तिला तुझ्या भाषेत.” मी सांगितलं. अक्का हसली आणि तिने जे सांगितलं ते मी आईला येऊन सांगितलं, की मुंग्यांसाठीच काढते ती. आई म्हणाली, “कमाल आहे बाई.” पण नंतर कधी बोलली नाही त्यावर.

आता मला वाटतं, हे मला खरंच आठवतंय, की दादाने सांगितल्यावर मी नव्याने बनवलं? ‘सांग तिला तुझ्या भाषेत’ असं आई म्हणाली असेल का? ‘तुझ्या’ म्हणाली असेल? की ‘तिच्या’?

तोफांचं मात्र मला नक्की आठवतं. कॅम्पला राहणाऱ्याला तोफांचे आवाज कानांनी ऐकू येत नाहीत, खिडकीच्या काचांनी ऐकू येतात. रेंजवर सराव असला की भांडी हलतात, इतकंच. कुत्रीसुद्धा उठत नाहीत. अक्का नवीन आली त्या आठवड्यात पहिली तोफ झाली आणि तिने पायरीवरून उठून मला पोटाशी धरलं. इतक्या जोरात, की तिच्या बांगड्या माझ्या पाठीत रुतल्या. मी म्हणाले, “काही नाही. काही नाही.” दुसरी तोफ झाली तेव्हा तीच म्हणाली, “काई नाई.” ती शिकलेलं पहिलं मराठी ते. मग तिने मला तिच्यातलं दिलं, “ओण्णुम इल्ल.” नवरा त्याच तोफांवर होता हे तिला ठाऊक असूनही ती प्रत्येक वेळी दचकायची आणि आम्ही दोघी आळीपाळीने एकमेकींना काही नाही, काही नाही, असं सांगायचो. ती मला कण्णु म्हणायची. कण्णु म्हणजे डोळा. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग एके दिवशी मी शाळेतून आले तर मागची खोली धुऊन काढलेली होती. दारात पाणी वाळत होतं. काळ्या ट्रंका, त्यांच्यावरची पांढऱ्या रंगातली नावं, खिडकीतली तेलाची बाटली, काही नव्हतं. बदली झाली, एवढंच आई म्हणाली. त्या दिवशी तांदूळ नव्हता, बाबांनी गिरणी लवकर बंद केली. पुढे त्या खोलीत पंजाबी आले, मग गढवाली आले. मी मोठी झाले, आठवीत इंग्रजीत मार खाल्ला, लग्न होऊन नाशकात आले, नोकरी केली. त्या भाषेत मी पुन्हा कुणाशी एक अक्षर बोलले नाही. दुसरं माणूसच नव्हतं तर बोलणार कोणाशी.

नाव कळलं नाही ते नाहीच. क्लासमधल्या मॅडम म्हणाल्या, बहुतेक तमिळ असावं काकू, पण तुमचं थोडं मिसळलेलं आहे. मनीषाने आणखी शब्द घालून पाहिले. काही निघाले, काही निघाले नाहीत. ‘दळणम’ नाही निघाला. तो आम्हीच केलेला असणार. आता कुठला शब्द तिच्या गावचा, कुठला बाजारातला आणि कुठला आम्ही दोघींनी पायरीवर बसून जुळवलेला, हे सांगायला जगात कोण उरलं आहे? मी तरी नाही. मला तर सगळे सारखेच खरे वाटतात.

डिसेंबरपर्यंत माझा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. व्हिडिओ कॉलवर मीराने काहीतरी विचारलं, मला ते कळलं, आनंदाच्या भरात मी उत्तर दिलं, आणि ती आईकडे बघायला लागली. मी काय बोलले होते देव जाणे. युलिया हसली, पण ते हसू मला ओळखता आलं. सून जेव्हा सासूला काही बोलायचं टाळते तेव्हाचं हसू सगळ्या देशांत एकच असावं. त्या रविवारी मी स्वयंपाक केला नाही. ओट्याला टेकून जर्मन वाक्यं घोकत राहिले. तुला भूक लागली का. पोट दुखतं का. भिऊ नकोस. मी इथे आहे. भीती मला वाटत होती. आठवडा हातातून जाईल, नात राजस्थान बघेल आणि मी तिचे फोटो बघेन.

ते आले. नाशकातली थंडी त्यांना थंडीच वाटली नाही, मीरा बाल्कनीत पातळ फ्रॉकवर फिरत होती. युलियासमोर मी मीराला विचारलं, “हास्ट दू हुंगर?” भूक लागली का. मीरा म्हणाली, “या.” हो. मी पोळी तूप लावून तिच्या हातात दिली आणि तिने खाल्ली. बस्, तेवढंच. त्या एका वाक्यावर मी पास झाले. युलियाने निखिलकडे पाहिलं, निखिलने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले, आणि दोन दिवसांनी ते दोघंच विमानाला गेले.

माझं जर्मन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरलं.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी लक्षच ठेवलं नाही. सकाळी वेणी घालताना, द्राक्षं धुताना, खालच्या बागेत झोक्यावर ढकलताना मी बोलत होते. ती बोलत होती. मी मराठीत सुरू करायचे, मध्ये जर्मन शोधायचे आणि भलतंच सापडायचं. ते मी आता मागे लोटत नव्हते, वेळच नव्हता. ती हसायची, कारण आजी मधेच ओरडते. मग तीही ओरडायची. शेजारच्या काकू तिसऱ्या दिवशी बघायला आल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून.

गुरुवारी तिला घेऊन कॅम्पला गेले. दादाच्या अंगणात एक पिवळं कुत्रं आहे, त्याच्यापुढे ती उकिडवी बसली होती. मी आणि दादा खुर्च्यांवर. आणि तोफ झाली. मी विसरूनच गेले होते. काचा थरथरल्या. मीरा ताठ झाली, तिचा चेहरा कागदासारखा झाला, आणि तिने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मला त्यातला एक शब्द कळला नाही. युलिया ज्या क्षणाला घाबरत होती तो हाच. ‘कैने आंग्स्ट’ म्हणायचं होतं, भिऊ नकोस, मी महिनाभर घोकलं होतं, आणि ते मला घरी परत जाताना बसमध्ये आठवलं. अंगणात मी उठले, तिला पोटाशी धरलं आणि म्हणाले, “ओण्णुम इल्ल, कण्णु. ओण्णुम इल्ल.”

दादा शेंगा टाकून माझ्याकडे बघत राहिला. “हेच,” तो म्हणाला. “बेबी, हेच बोलायची ना ती.”

“तुला कळलं?”

“कळायला काय पाहिजे? आवाज तोच ना.”

पुढची तोफ झाली तेव्हा मीराने माझा हात घट्ट धरला. त्याच्या पुढच्या वेळी ती कुत्र्याजवळ गेली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला मोठ्याने सांगितलं, “ओण्णुम इल्ल.” कुत्र्याने मान वर केली आणि परत खाली ठेवली. मला रडू आलं. दादाने पाहिलं आणि तो शेंगांची टोपली घेऊन आत गेला. मला कशाचं रडू आलं हे तेव्हाही कळलं नव्हतं आणि आता लिहितानाही कळत नाही. आनंदाचं असेल तर त्यात अक्का कशी काय, आणि अक्कासाठी असेल तर इतक्या वर्षांनी कशाला?

युलिया परत आली तेव्हा तिने निखिलकरवी विचारलं, तुमचं दोघींचं जमलं ना? मी म्हणाले, जमलं. मीरा नुसतीच हसली. मग ते गेले. बाथरूममधल्या फरशीवर तिचं गुलाबी रबरबँड राहिलं होतं, ते मी उचलून खिडकीत ठेवलं.

पंधरा दिवसांनी निखिलचा फोन आला. आधी थंडी, मग ऑफिस, मग म्हणाला, “आई, एक विचारू? मीरा काय काय बोलते, ते मला कळत नाही. युलियाला वाटतं ते मराठी आहे. ती मला म्हणते, तुझी मुलगी मराठी बोलते आणि तुलाच कसं येत नाही? आई, हे मराठी नाहीये ना?”

“नाही,” मी म्हणाले.

“मग काय आहे?”

मला एकदम अपराधी वाटलं. केवढी हौस होती मला तिने मराठी शिकावं याची. आठवडाभर ती माझ्या हाती होती, आणि मी तिच्या पदरात काय घातलं? जिचं नावसुद्धा मला सांगता येत नाही, अशी भाषा. तीही धड नाही, मोडकी, एका परक्या बाईची. त्या बाईला आपण बोललेलं इतक्या लांब जाऊन पोचेल असं स्वप्नातही वाटलं नसेल. मीरा मोठी झाल्यावर कोणाला तरी अभिमानाने सांगेल, ही माझ्या आजीची भाषा, आणि समोरचा म्हणेल, नाही गं, ही तर दुसऱ्याच कोणाची. तेव्हा ती माझ्याबद्दल काय म्हणेल?

“निखिल, तिला फोन दे,” मी म्हणाले. तिला नीट मराठी शब्द सांगायचे, आजपासून रोज, असं मी ठरवलं होतं.

पडद्यावर मीरा आली. बाहेर खिडकीत बर्फ होतं. तिच्यापुढे मोठा मग होता आणि त्यातून वाफ येत होती. तिने ओठ लावला आणि झटकन मागे घेतला.

“गरम आहे का गं?” मी विचारलं. हा शब्द तिला बापाकडून माहीत असणार.

ती हसली आणि मान हलवून म्हणाली, “नाइन. गरम दास झाग्ट पापा. वीर झागन सूडु.”

नाही. गरम असं पप्पा म्हणतो. आपण सूडु म्हणतो.

ती जर्मनमध्ये बोलली हे माझ्या जरा वेळाने लक्षात आलं. एकही शब्द मला शोधावा लागला नव्हता. आणि सूडु. हा शब्द मी तिला कधी दिला, मला आठवत नाही. तो मला येत होता हेही आठवत नाही. कॅम्पच्या पायरीनंतर तो मी पहिल्यांदा ऐकला असं मी शपथेवर सांगितलं असतं, आणि तो मला माझ्या नातीने जर्मनीतून सांगितला.

“आजी?” ती म्हणाली. ती वाट बघत होती.

“हो,” मी म्हणाले. “आपण सूडु म्हणतो. फुंकून पी.” हे कुठल्या भाषेत म्हणाले, ते मला आता सांगता येणार नाही. पण मीराने दोन्ही हातांनी मग धरला आणि ती फुंकायला लागली.